कोठूनही निघा, ६१७४ ला पोहोचा

(या पाठात ६१७४ या संख्येचा एक अजब गुणधर्म सांगितला आहे. तो शोधून काढणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. पाठ वाचताना वही आणि पेन्सिल जवळ असू द्या.)

विद्यार्थी मित्रांनो, हा पाठ नुसता वाचायचा नाही, करायचाही आहे. त्यासाठी तुम्हांला फक्त वजाबाकी यायला हवी. तुमच्या गणिताच्या पुस्तकात वजाबाकीला 'तफरीक' म्हणतात, संख्येला 'अदद' आणि अंकाला 'हिंदसा' म्हणतात. भाषा बदलली तरी हिशोब बदलत नाही. शिवाय एक गंमत तुमच्या लक्षात आलीच असेल. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो. पण त्याच ओळीत एखादी संख्या आली, की तिचा सर्वांत मोठ्या स्थानाचा अंक मराठीप्रमाणेच डावीकडे येतो. म्हणून या पाठातली गणिते तुम्ही उर्दू आकड्यांत मांडली तरी काहीही उलटेपालटे होणार नाही.

आता चार अंकी कोणतीही एक संख्या मनात धरा. अट एकच. चारही अंक सारखे नकोत, म्हणजे ११११ किंवा ७७७७ चालणार नाही. निदान एक अंक तरी वेगळा हवा.

त्या संख्येचे अंक उतरत्या क्रमाने, म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे, लिहा. तेच अंक चढत्या क्रमाने, म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे, लिहा. पहिल्या संख्येतून दुसरी वजा करा. जे उत्तर येईल त्याच्या अंकांवर पुन्हा हीच क्रिया करा. मग पुन्हा. थांबायचे कधी, ते तुमचे तुम्हांलाच कळेल.

आपला देश स्वतंत्र झाला ते वर्ष १९४७. ते घेऊन पाहू.

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

येथपर्यंत उत्तरे बदलत होती. आता ६१७४ वर तीच क्रिया करा. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा केली तरी ६१७४. गाडी शेवटच्या स्टेशनावर येऊन उभी राहिली, आता ती पुढे जात नाही.

दुसरी संख्या घेऊ, २०२४. ४२२० − ०२२४ = ३९९६. मग ९९६३ − ३६९९ = ६२६४. मग ६६४२ − २४६६ = ४१७६. मग ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा तेच स्टेशन! येथे चारच पायऱ्या लागल्या, १९४७ ला पाच लागल्या होत्या.

एका ठिकाणी मात्र पुष्कळ मुले चुकतात. लहानपणी मीही चुकलो होतो. २१११ ही संख्या घ्या. २१११ − १११२ = ९९९. आता ९९९ चे अंक उलटसुलट करून वजाबाकी केली, तर उत्तर शून्य येते. मला वाटले, हा नियम मी मोडला! प्रत्यक्षात मी एक शून्य हरवले होते. आपली संख्या चार अंकीच राहिली पाहिजे, म्हणून ९९९ हे उत्तर ०९९९ असे लिहायचे. मग पुढे ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२ आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. शून्याला, तुमच्या 'सिफर'ला, किंमत नाही असे आपण सहज म्हणतो. येथे ते विसरले की सगळा हिशोबच बुडतो.

६१७४ चा हा गुणधर्म १९४६ साली कापरेकर गुरुजींनी शोधून काढला. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वडिलांनी त्यांचा सांभाळ केला. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्याला झाले आणि कॉलेजचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांना गणितातील स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवले.

शाळा सुटल्यावर ते संख्यांशी खेळत बसत. संगणक नव्हता, खिशात मावणारे गणकयंत्रही नव्हते. होते ते कागद आणि पेन्सिल. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गोष्ट सांगितली. १९५५ मध्ये त्यावरचा त्यांचा लेख 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकेतील नियतकालिकात छापून आला. पण आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. पदवी बी.एस्सी.ची, नोकरी शाळेतली आणि विषय काय, तर अंकांची उलटापालट! कापरेकरांनी आपल्या कितीतरी पुस्तिका स्वतःच्या खर्चाने छापल्या.

त्या गणितज्ञांचे म्हणणे अगदीच खोटे होते, असेही नाही. आपण दहाच्या पटीने संख्या लिहितो, म्हणून ६१७४ हे उत्तर येते. दुसऱ्या पटीने लिहिल्या असत्या तर हे उत्तर आले नसते. या गुणधर्मावर कोणी पूल बांधत नाही की यंत्र चालवत नाही. पण खेळ आहे म्हणून त्यात विचार नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला पटत नाही. का पटत नाही, ते आता पाहू.

आपण तीन संख्या घेतल्या आणि तिन्ही ६१७४ ला पोहोचल्या. एवढ्यावरून सगळ्याच पोहोचतील, असे म्हणता येईल का? समजा, तुम्ही शंभर संख्या करून पाहिल्या. तरीही एकशे एकावी चुकणार नाही कशावरून?

ही शंका उगीच काढलेली नाही. हाच खेळ दोन अंकी संख्यांवर खेळून पाहा. २७ घ्या. ७२ − २७ = ४५. ५४ − ४५ = ०९. ९० − ०९ = ८१. ८१ − १८ = ६३. ६३ − ३६ = २७. आपण निघालो होतो तेथेच परत आलो! आता हा फेरा कितीही वेळा मारा, गाडी कोठेही थांबणार नाही. तीन अंकी संख्यांत ती ४९५ वर थांबते. (९५४ − ४५९ = ४९५.) पाच अंकी संख्यांत मात्र पुन्हा फेरेच आहेत. ५३९५५ वरून ५९९९४ आणि ५९९९४ वरून परत ५३९५५. तेव्हा चार अंकी संख्यांतही एखादा लपलेला फेरा नसेल कशावरून?

१००० ते ९९९९ या नऊ हजार संख्या. त्यांतून सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या, की ८९९१ उरतात. एवढ्या सगळ्या करून पाहायच्या म्हटले तर वह्या पुरणार नाहीत. पण थोडा विचार केला, तर वहीचे एक पान पुरते.

गुरुजींच्या शोधाचे वर्ष घेऊ, १९४६. पहिली वजाबाकी ९६४१ − १४६९. यात फक्त ९ वर नजर ठेवा. वरच्या संख्येत तो हजाराच्या घरात आहे, म्हणजे ९०००. खालच्या संख्येत तोच ९ एककाच्या घरात आहे. ९००० मधून ९ गेले, म्हणजे ९९९ ची नऊपट राहिली. १ या अंकाचे उलटे होते. वर तो एककाच्या घरात आणि खाली हजाराच्या घरात. म्हणजे ९९९ ची एक पट कमी झाली. नऊ पटींतून एक पट गेली, आठ पटी उरल्या. ९९९ × ८ = ७९९२.

मधल्या दोन अंकांचेही असेच. ६ वर शतकात आणि खाली दशकात, म्हणजे ६०० − ६० = ५४०, अर्थात ९० ची सहापट. ४ मुळे ९० ची चारपट कमी होते. उरली दोनपट, म्हणजे १८०. आता बेरीज करा. ७९९२ + १८० = ८१७२. प्रत्यक्ष वजाबाकी करून पाहा, ९६४१ − १४६९ = ८१७२. जुळले!

यातून काय समजले? उत्तर कोणत्या अंकांवर अवलंबून नाही, तर दोन फरकांवर अवलंबून आहे. एक, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक. त्याला आपण बाहेरचा फरक म्हणू. दुसरा, मधल्या दोन अंकांतला फरक. त्याला आतला फरक म्हणू. बाहेरच्या फरकाला ९९९ ने गुणा, आतल्या फरकाला ९० ने गुणा आणि बेरीज करा, की उत्तर तयार.

१९४६ मध्ये बाहेरचा फरक ८ आणि आतला २. आता १९८६ घ्या. अंक ९, ८, ६, १. बाहेरचा फरक ८, आतला फरक २. म्हणून याचेही पहिले उत्तर ८१७२ च. कापरेकर गुरुजींचे निधन १९८६ साली झाले. त्यांच्या शोधाचे वर्ष आणि निधनाचे वर्ष या खेळात पहिल्याच पायरीवर एकत्र येतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण दोन वेगळ्या संख्यांची पुढची वाट एक कशी होते, ते यातून छान दिसते.

आता मोजायचे ते फक्त फरकांच्या जोड्या. बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी काहीही असू शकतो. आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण मधले अंक त्या दोन टोकांच्या आतच असतात. बाहेरचा फरक १ असेल तर आतला ० किंवा १, म्हणजे दोन जोड्या. बाहेरचा २ असेल तर तीन जोड्या. असे करत बाहेरचा ९ असेल तर दहा जोड्या. २ पासून १० पर्यंतची बेरीज करा, ५४ येते.

म्हणजे ८९९१ संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होते! या ५४ मध्येही काही उत्तरांचे अंक तेच असतात, फक्त क्रम वेगळा असतो. ४१७६ आणि ६१७४ हे पाहा. आपण अंक पुन्हा रचणारच आहोत, त्यामुळे क्रमाला महत्त्व नाही. अशी सारख्या अंकांची उत्तरे एकत्र केली, तर ३० च गट राहतात. त्यांतला एक गट ६१७४ चा स्वतःचा. उरलेले २९ गट एकेक करून तपासले, की काम संपले. तपासल्यावर दिसते, की प्रत्येक गट ६१७४ ला पोहोचतो. कोठेही फेरा नाही, एकही संख्या वाट चुकत नाही. सुरुवातीपासून मोजले तर जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात.

आता तुम्ही 'सगळ्या' हा शब्द बिनधास्त वापरू शकता. तीन उदाहरणांनी तो हक्क मिळाला नव्हता, या पानभर तपासणीने मिळाला. ही तपासणी गणिताची मोठी पदवी नसलेल्या माणसालाही करता येते आणि सातवी-आठवीच्या मुलांनाही. तुमच्या वर्गात पन्नास-पंचावन्न मुले-मुली असतील, तर एकेकाच्या वाट्याला एकेक जोडी द्या. एका तासात सारे तपासून होईल. कोणाला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागल्या, तर त्याची वजाबाकी कोठेतरी चुकली आहे, असे खुशाल समजा.

६१७४ स्वतः जागची का हलत नाही, तेही आता सांगता येईल. तिचे अंक ७, ६, ४, १. बाहेरचा फरक ६, आतला २. ९९९ × ६ = ५९९४. त्यात ९० × २, म्हणजे १८० मिळवा. झाले ६१७४. आपल्या फरकांतून ती स्वतःलाच पुन्हा घडवते.

सात पायऱ्या लागणारी एक संख्या पाहायची आहे? गुरुजींचे जन्मवर्ष घ्या, १९०५. पहिली वजाबाकी ९५१० − ०१५९ = ९३५१. मग क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सर्वांत लांबची वाट त्यांच्याच जन्मवर्षाच्या नशिबी यावी, याची मला फार मौज वाटते.

कापरेकरांनी आणखीही अनेक प्रकारच्या संख्या शोधल्या आणि त्यांना मजेदार नावे दिली. डोंबिवली स्टेशनाचे जुने नाव 'डेम्लो'. तेथे सुचल्या म्हणून काही संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, अशा त्या दिसायलाही देखण्या असतात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून बेरीज केली, तर २० + २५ = ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव ठेवले.

६१७४ हर्षद आहे का? ६ + १ + ७ + ४ = १८. ६१७४ ला १८ ने भागा. ३४३ येतात आणि बाकी काही उरत नाही. शिवाय हे ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. आणखी एक गंमत. १८, १८ चा वर्ग ३२४ आणि १८ चा घन ५८३२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर मी सांगत नाही, तुम्ही ते ओळखलेच असेल.

१९७५ साली मार्टिन गार्डनर या प्रसिद्ध अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. त्यानंतर देशोदेशीचे लोक ६१७४ वर लिहू लागले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती, आणि निवृत्तीनंतर घर चालवण्यासाठी त्यांना मुलांच्या शिकवण्या कराव्या लागल्या होत्या. ज्या संख्येला पोरखेळ म्हटले गेले, तिला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कापरेकर गुरुजी कोणत्या गावी शिक्षक होते?
(आ) ६१७४ चा गुणधर्म त्यांनी कोणत्या साली शोधला?
(इ) 'हर्षद' या शब्दाचा अर्थ काय?

२. कारणे द्या.
(अ) ९९९ हे उत्तर ०९९९ असे लिहावे लागते.
(आ) १९४६ आणि १९८६ या दोन्ही संख्यांचे पहिले उत्तर एकच येते.
(इ) तीन उदाहरणे बरोबर आली, म्हणून नियम सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

३. पुढील शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा : संख्या, अंक, वजाबाकी, शून्य.

४. बाहेरचा फरक ५ आणि आतला फरक ३ असेल अशा तीन संख्या शोधा. प्रत्येकीचे पहिले उत्तर काय येते?

५. स्वतःच्या जन्मवर्षापासून निघून ६१७४ ला पोहोचा. किती पायऱ्या लागल्या, ते शेजारी बसणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला मराठीत सांगा.